सोमवार ते शुक्रवार नलूआत्या

हे मी लिहिणारच नव्हती. खरंच. सरांनी सांगतलं की कॉलेजच्या अंकात यंदा आपल्या ओळखीच्या एका साध्या माणसावर लिहायचं, तवा डोक्यात पहिलं नाव नलूआत्याचंच आलं अन् मी ते लगेच काढून बी टाकलं. चौकातल्या चहावाल्यावर लिहाचं ठरवलं. दोन ओळी झाल्या अन् कळलं की मले त्याचं आडनाव बी माहीत नाई. मोबाइल पलंगावर फेकला. मंग उचलला. आता टाइप करून राह्यली, चुका झाल्या त सरांनी पाहून घ्यावं, मी मागं जाऊन वाचणार नाई. वाचलं त पाठवणार नाई.

नलूआत्या म्हणजे माझ्या बाबांची लहान बहीण. आष्टीले देल्ली. तिच्या नवऱ्याले, प्रभाकररावांले, आम्ही मामाजी म्हणतो, त्यांचं तिथं किराणा दुकान आहे. आत्या बाजारओळीतल्या एका भाड्याच्या गाळ्यात ब्लाउज शिवाची. चौदा वर्षं. शिवता शिवता टाचण्या तोंडात धरते, म्हून तिचं अर्धं बोलणं दातातून येते, अन् जवा बोलायचं नसते तवा ती मुद्दाम दोन टाचण्या जास्त धरते. हे मले लहानपणापासून माहीत आहे. आम्ही सुट्टीत गेलो की मी तिच्या गाळ्यात बसून तिची मापाची वही वाचत राहो. लांबडं रजिस्टर. आष्टीतल्या सगळ्या बायांची मापं त्यात. कोणाच्या नावापुढं "बाळंतपण झालं, पुन्हा घेणे", कोणाच्या पुढं "खोटं बोलते, एक इंच वाढवणे". मी हसून हसून खाली पडो. आत्या म्हणे, "हस, हस. उद्या तुयं बी नाव येईन त्यात."

तिची पोरगी आकांक्षा, म्हणजे आमची अक्कू. दहावीले त्र्याण्णव टक्के. तिले डॉक्टर व्हायचं आहे अन् हे तिचं स्वतःचं आहे, आत्यानं डोक्यात भरवलेलं नाई, उलट आत्या म्हणे, बाप्पा, रक्त पाह्यलं की मलेच चक्कर येते. पन त्यासाठी जी परीक्षा लागते तिचा क्लास आष्टीत नाई. वर्ध्याले आहे. कॉलेज सकाळी, क्लास दुपारून, रोज. आष्टीहून रोज एसटीनं येणं-जाणं होत नाई, अडीच-तीन तास एका बाजूचे. म्हून आत्यानं ठरवलं की दोन वर्षं वर्ध्याले खोली करायची, पोरगी घेऊन. मामाजी दुकान सोडून येऊ शकत नव्हते.

त्या दिवशी मी तिथंच होती, रिझल्टचे पेढे खात. मामाजी म्हणे, "अन् मायं जेवाचं?"

आत्या म्हणे, "चौदा वर्षं गाळ्यावर बसली तवा बी दोन टाइम पोळ्या केल्या. आता दोन वर्षं तुम्ही शिका."

"म्हणजे पोरगी अकरावीत अन् मी पयलीत."

"पास होजा म्हणजे झालं."

तवा सगळे हसले. मामाजी बी. पन नंतर ते दुकानात जाऊन उगाच तांदळाचे कट्टे इकडचे तिकडं करत बसले.

आमचं घर वर्ध्याले लागूनच, बोरगाव मेघेले. बाबा म्हणे आमच्याकडेच राह्य. दोन खोल्या, आम्ही चौघं. आत्या म्हणे, "दादा, मी पाहुणी म्हून कवाही येईन. पन बहीण भावाच्या घरी बिऱ्हाड करून राह्यली की ना भाऊ उरत, ना बहीण." विषय संपला. मंग खोल्या पाहाचं काम माझ्यावर आलं, कारण स्कूटी माझ्याकडे.

मे महिन्याचं ऊन, आम्ही तिघी एका स्कूटीवर, मधी अक्कू तोंड फुगवून. पहिली खोली क्लासच्या एकदम जवळ. मालक म्हणे, "आम्ही फक्त शिकणाऱ्या पोरीले देतो. पोरीले ठेवतो, आईले नाई."

आत्या म्हणे, "अन् पोरगी आजारी पडली त?"

"त फोन करू ना तुम्हाले."

दुसऱ्या घरी सगळं जमलं. आडनाव विचारून झालं, गाव विचारून झालं, नॉनव्हेज विचारून झालं, अन् मंग आत्यानं सांगतलं की संगं शिलाई मशीन आहे. त्या बाईचा चेहराच बदलला. "नाई व माय. आमच्या सासऱ्याले बीपी आहे. खटखट नाई चालत." कोणीतरी सांगतलं शहराबाहेर आंजी गावाले पहा, मोठं घर अर्ध्या भाड्यात भेटन, ऑटो चालते. तवा अक्कू पहिल्यांदा बोलली. "मंग आष्टीच काय वाईट होती?"

तिचं बी खरं होतं. तिच्या सगळ्या मैत्रिणी आष्टीलेच राह्यल्यात्या. तिले विचारलं तवा तिनं हो म्हणलं होतं, पन हो म्हणलं म्हून कोणी खुश असते असं नाई ना.

शेवटी भेटली ती यशोदाबाईची खोली. आमच्या घरापासून दहा मिनिटं. पाण्याच्या टाकीच्या मागची गल्ली, हिरवं गेट, खालची खोली, एक खिडकी. यशोदाबाई सत्तरीच्या, एकट्या, लेक पुण्याले. त्या म्हणे, "मशीन चालन. मले तेवढाच आवाज. पन रात्री आठच्या नंतर नाई. अन् पहिला ब्लाउज माया." अकरा महिन्यांचा भाड्याचा कागद झाला. खोली तवाच धरा लागते, कारण जूननंतर वर्ध्यात क्लासजवळ कोंबडीले बी जागा भेटत नाई.

आता जे सांगायचं आहे ते.

यंदापासून अकरावीचं सगळं ऑनलाइन झालं, गावच्या कॉलेजचं बी. फॉर्म आमच्याच घरी भरला, बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर, अन् भरला मी. कारण माझी बोटं लय भारी चालते असं सगळे म्हणतेत. दहा कॉलेजं टाकायची, पसंतीच्या नंबरानं. मी वर्ध्याची सगळी यादी काढून ठेवली होती. आत्या बाजूले खुर्चीवर, अक्कू पलंगावर आडवी.

आत्या म्हणे, "एक नंबरले आष्टी टाक."

मी म्हणलं, "काऊन? जायचं त वर्ध्याले आहे. वर्धा टाकू ना."

"जायचं वर्ध्यालेच आहे व. पन नाव त टाक. किसनराव सरांनी मले शिकवलं, हिले शिकवलं. परवा पेढा घेऊन घरी आलते, म्हणे आपल्या कॉलेजले विसरू नका. यादीत आपल्या गावाचं नाव खाली दिसलं त काय वाटन त्याईले? पत्रिकेत कसं, गावच्या मारोतीचं नाव पहिले वरतं, मंग बाकीचे."

अक्कू पलंगावरून म्हणे, "मम्मी, पत्रिकेतला मारोती लग्नाले येत नाई."

"तेच त सांगून राह्यली! नाव वरतं अन् जायचं तिकडं जायचं."

आम्ही तिघी इतक्या हसलो. आत्याले वाटलं हा मान आहे. जसं नवीन ब्लाउजच्या पहिल्या कापडाले हळद लावते, तसं. अन् मी टाकलं आष्टी, एक नंबर. खाली लाल अक्षरात काहीतरी लांबलचक होतं अन् त्याच्या खाली चौकोन, "मी वरील अटी वाचल्या आहेत". मी वाचलं नाई. माझ्या मैत्रिणीचा फोन येऊन राह्यला होता. चौकोनावर टिक केलं अन् फॉर्म पाठवला. पाच मिनिटांत सगळं. आत्या म्हणे, "बाप्पा, काय बोटं आहे पोट्टीची. हिले मशीनवर बसवा लागते."

मंग त्या आल्या. छोटा हत्ती करून, मशीन, दोन पेट्या, गादी, अक्कूची पुस्तकं, मामाजींनी देल्लेला दोन महिन्यांचा किराणा. मी म्हणलं, "आत्या, मापाची वही?"

म्हणे, "सीताबाईले देल्ली. गाळा तिनं घेतला. मापं गावाची आहे, इथं आणून काय करू?"

मले तवा काही वाटलं नाई. आता वाटते की ती किती पूर्ण निघून आलती.

पहिल्या यादीच्या दिवशी मेसेज आत्याच्याच मोबाइलवर आला. तिनं मले फोन केला, आवाजात आनंद. "सपना, आष्टीचं लागलं! बघ, सरांचा मान बी राह्यला. आता वर्ध्याचं कवा येईन?"

मी तवा फॉर्म उघडून वाचलं, ते लाल अक्षरातलं. एक नंबरचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागते. नाई घेतलं त पुढच्या फेऱ्यांतून बाहर.

मी आत्याले काही सांगतलं नाई. म्हणलं विचारून सांगतो. ती थांबली नाई, एकटीच ऑटो करून ॲडमिशनच्या मार्गदर्शन केंद्रावर गेली. तिथल्या मॅडम चांगल्या होत्या म्हणते, पाणी देल्लं. अन् सांगतलं की ताई, आता दोनच रस्ते. आष्टी घ्या, नाई त एकदम शेवटच्या खुल्या फेरीपर्यंत थांबा, तवा जे उरन ते.

दुसऱ्या दिवशी सगळे आमच्या घरी. बाबा तापले. "फॉर्म कोणी भरला? वाचता येत नाई का? शिकलेली पोरगी घरात अन् हे असं!"

मी तोंड उघडणार होती. खरंच उघडणार होती. पन आत्याच म्हणे, "तिले कायले बोलता दादा? मीच सांगतलं आष्टी वरतं टाक म्हून. ती बिचारी म्हणत होती वर्धा टाक."

मी म्हणलं होतं. एकदा. हसत. अन् मी तिथं गप्प बसली, अन् बाबांचा सगळा राग तिच्यावर गेला, गावंढळपणा, मान-पान, मारोती, सगळं काढलं त्याईनं. फोनवर मामाजी होते, स्पीकरवर. ते एवढंच म्हणे, "मंग ये ना सामान घेऊन परत."

बोलली ती अक्कू. सोळा वर्षांची पोरगी, पूर्ण महिना तोंड फुगवून बसलेली, एकदम आमच्या सगळ्यांपेक्षा मोठी झाली. म्हणे, "थांबली अन् शेवटी बी नाई भेटलं त वर्ष जाईन. मी आष्टीले ॲडमिशन घेतो. क्लासवाल्या सरांले विचारलं मी, शनिवार-रविवारची बॅच आहे. दर शनिवारी येतो, रविवारी संध्याकाळी जातो. तिकडं पप्पा आहे."

आत्या म्हणे, "मंग मी बी येतो तुया संगं."

"तू आली त शनिवारी मी राहू कुठं? अन् पोरगी एकटी असन त यशोदाबाई खोली ठेवन का? दोघींचं दर आठवड्याचं तिकीट बी परवडणार नाई."

बाबा म्हणे आमच्याकडे राह्यन ना पोरगी. आत्यानं मान हलवली. "दोन वर्षं, दर शनिवारी? नाई दादा. परीक्षेची पोरगी आहे, तिले रात्री लाइट लागते, तुमच्याकडे चार माणसं झोपते." अन् मंग हळूच म्हणे, "बारावीत कॉलेजची बदली होते म्हणते. खोली असू दे."

तर असं झालं. पोरीसाठी आई गाव सोडून आली, पोरगी परत गावाले गेली, अन् आई इथं राह्यली. आष्टीले परत जावं त गाळा गेला, वही गेली. इथं अकरा महिने अन् एक खिडकी.

रोजच्या क्लासची पोरं अक्कूच्या किती पुढं गेली हे मले माहीत आहे, कारण माझ्या मैत्रिणीचा भाऊ त्याच बॅचले आहे. अक्कू दोन दिवसांत सहा दिवसांचं गिळते. मागच्या टेस्टले तिचा नंबर बराच खाली आला. तिनं आईले सांगतलं नाई, मले सांगतलं, अन् म्हणे, "ताई, बोलजो नको. मम्मी रोज एकटी बसते, तिले वाटते मी इथं शिकून राह्यली म्हून तिचं बसणं कामाचं आहे."

आत्याचे शनिवार-रविवार म्हणजे सण. शुक्रवारी संध्याकाळी ती फरशी पुसते, शनिवारी पहाटेपासून स्वयंपाक, बसस्टँडवर अर्धा तास आधी जाऊन उभी. रविवारी बसमधी बसवून देते, खिडकीतून डबा, मंग पाण्याची बाटली, मंग आठवण आली म्हून अजून काही, कंडक्टर ओरडेपर्यंत. अन् मंग सोमवार.

सोमवार ते शुक्रवार तिच्याकडे कोणी येत नाई. दारावर अक्कूनं स्केचपेननं लिहून लावलं आहे, "ब्लाउज शिवून मिळेल. फॉल-पिको." पन बोरगावच्या बाया आपापल्या टेलरकडे जाते, नवीन बाईले माप कोण देईन? इतक्या महिन्यांत यशोदाबाईचे तीन ब्लाउज झाले. तिसरा ब्लाउज त्याईले नको होता, हे त्याईनीच मले सांगतलं. "काय करू पोरी, मशीन बंद राह्यली की ती बाई लयच चुप होते."

मी सुरुवातीले रोज जाची. कॉलेजमधून येताना, पाच-दहा मिनिटं. आत्या चहा करे. कवाही विषयच नाई काढला तिनं फॉर्मचा. मले वाटे तिले माहीतच नाई, मॅडमनं नियम सांगतला असन पन ते टिक-बिक काय तिले कळणार. अन् मी मनात ठरवून टाकलं की ते तसंच राहू देऊ.

मंग एक दिवस माझ्या कुर्त्याची शिलाई उसवली होती. आत्या यशोदाबाईच्या ब्लाउजले टाचण्या लावत होती, तोंडात टाचण्या. मी म्हणलं, सुई कुठं आहे? तिनं मानेनं मशीनचा खण दाखवला. मी उघडला. बॉबिन, रिळं, निळा खडू. अन् खाली घडी केलेला कागद. मी उचलला, मले वाटलं मापाचा असन.

आमचाच फॉर्म होता. छापून घेतलेला. वरती मार्गदर्शन केंद्राचा शिक्का, त्यावर तारीख, ज्या दिवशी ती एकटी गेली होती ती. म्हणजे आमच्या घरी सगळे बसले त्याच्या एक दिवस आधीची. अन् ती अट, जी लॅपटॉपवर लाल होती अन् कागदावर काळी, तिच्या खाली निळ्या खडूनं रेघ. सरळ, जशी ती कापडावर मारते. अन् त्या चौकोनाभोवती, "मी वरील अटी वाचल्या आहेत", तिथं एक गोल.

तिले माहीत होतं. बाबांनी विचारलं तवा बी माहीत होतं. मीच सांगतलं दादा, असं म्हणाली तवा बी.

मी वर पाह्यलं. आत्या माझ्याकडेच पाहत होती. तिनं डबीतून अजून दोन टाचण्या घेतल्या अन् तोंडात धरल्या.

मी कागद होता तसा ठेवला. सुई घेतली नाई. आत्या, मले काम आहे, म्हणलं, अन् निघाली. स्कूटी चालू होत नव्हती, लाथ मारून मारून पाय दुखला. मांगून मशीनचा आवाज आला नाई.

याले आज अठरा दिवस झाले. मी गेली नाई. दहा मिनिटांवर आहे. टाकीच्या गल्लीनं जावं लागू नये म्हून मी कॉलेजले मोठ्या रस्त्यानं जातो, फेरा पडते. परवा आत्याचा फोन आला, मी उचलला नाई. मंग तिचा मेसेज आला, बोलून पाठवलेला, तिले टाइप करता येत नाई. म्हणे, "सपना, तुया कुर्त्याची शिलाई राह्यली ना व. आणून देजो. अक्कू नाई त मले कामच काय आहे."

हे ऐकून मी इतकी रडली की आईले वाटलं माझं ब्रेकअप झालं.

सरांनी सांगतलं होतं साध्या माणसावर लिहा. तर ही ती. नलिनी प्रभाकरराव, वय बेचाळीस, शिलाई काम. तिनं काही मोठं केलं नाई. एका गावाचा मान राखला, एका पोरीले वाचवलं, अन् आता एका खोलीत बसून राह्यली आहे, जिच्यासाठी आली ती पोरगी ऐंशी किलोमीटरवर. बारावीत बदली होईन का, मले माहीत नाई. या खेपेले नियम मी पूर्ण वाचून काढले, शेवटच्या ओळीपर्यंत. जागा रिकामी असन तरच, असं लिहिलं आहे. अक्कूले अन् बाबांले मी आज सगळं सांगणार आहे, टिकचं बी. आत्याले सांगायची गरज नाई, पन तिलेच पहिले सांगणार आहे. हे पाठवलं की कुर्ता घेऊन निघतो. आज बुधवार आहे.

अन् तुम्ही जे वाचून राह्यले, बोरगाव मेघेचे, रामनगरचे, होस्टेलवाल्या पोरी, तुम्हाले एकच सांगणं आहे. दिवाळी आली. कोणाले ना कोणाले ब्लाउज शिवायचाच असन. नसन शिवायचा त जुनाच उसवून घेऊन जा. पाण्याच्या टाकीच्या मागं, हिरवं गेट, खालची खोली. मापाची नवी कोरी वही आहे तिच्याजवळ, पहिल्या पानावर फक्त यशोदाबाई आहे. शनिवार-रविवारी नका जाऊ, तवा तिची पोरगी असते. मधल्या दिवसांत जा. या आठवड्यातच जा, अन् चहा म्हणाली त नाई म्हणू नका.